चार बोटांची वागूर

आमच्या बाबांच्या उजव्या मांडीवर एकही केस नव्हता. डावी मांडी चारचौघांसारखी केसाळ, उजवी मात्र सोललेल्या रताळ्यासारखी. लहान असताना मला वाटायचं, बापमाणसाचं असंच असतं. मग कळलं की हा सगळा तागाचा प्रताप. तागाची दोरी मांडीवर वळतात, आणि वळता वळता मांडीचे केस दोरीबरोबर निघून जातात. बाबा म्हणायचे, त्या केसांमुळेच आमच्या दोरीला बळ येतं. आई म्हणायची, त्या केसांमुळेच ससे लांबून पळतात.

ही दोरी वागुरीसाठी. वागूर म्हणजे सशाचं जाळं. नागोठण्याहून रोह्याकडे जाताना वाटेत जे डोंगर लागतात, त्यांतल्या एकाच्या पायथ्याशी आमचं गाव. भात झोडून झालं, वाल उपटून झाले, की शिमग्यापर्यंत गावातल्या बापयांना करायला काही उरत नसे. बायकांना पुष्कळ उरत असे, पण ते कुणी विचारात घेत नव्हतं. मग शिमगा आला की बापये पारधीला निघत. तेव्हा आमच्या बाजूला कारखाने आले नव्हते, ससा धरायला बंदीही नव्हती. पुढे बंदी आली आणि सशांचं भलं झालं. माझंही झालं, कारण ताग ओढ्याच्या डबक्यात कुजायला टाकला की त्याचा वास माझ्या वेण्यांना येई आणि शाळेत माझ्या बाकावर दुसरं कुणी बसत नसे.

पारधीचे नियम गावाने असे जपले होते, जणू साक्षात देवाने खाली येऊन सांगितलेत. आमचा रानदेव म्हणजे शेंदूर फासलेला एक दगड. त्याने आयुष्यात कुणाला काही सांगितलं असेल असं त्याच्या तोंडाकडे बघून वाटत नव्हतं. पण नियम त्याचेच. पहिला नियम, बाईने वागूर ओलांडायची नाही. ओलांडली तर त्या वागुरीत ससा पडत नाही. पावसाळाभर बाबा पडवीत वागूर पसरून विणत बसत आणि आई स्वयंपाकघरातून अंगणात जायला गोठ्यातून वळसा घाली. बैलांच्या शेपट्या तोंडावर झेलत, डोक्यावर सुपली धरून. वागुरीवरून कोंबड्या दिवसभर ये-जा करत. त्यांना नियम लागू नव्हता.

दुसरा नियम वागुरीच्या डोळ्याचा. जाळ्याच्या भोकाला आमच्याकडे डोळा म्हणतात. ज्याची वागूर, त्याच्या उजव्या हाताची चार बोटं एकमेकांना चिकटवून धरायची आणि तेवढ्या रुंदीची बांबूची पट्टी कापायची. त्या पट्टीवर सगळे डोळे विणायचे. म्हणजे गाठीपासून गाठीपर्यंत मालकाची चार बोटं नेमकी बसली पाहिजेत. रानात सगळ्यांच्या वागुरी टोकाला टोक बांधून एका रांगेत लावत. ससा नेमका सांध्यावर पडला आणि तंटा झाला, की दोघांनी आपली बोटं लावून दाखवायची. ज्याची बोटं बसली त्याची वागूर, आणि ज्याची वागूर त्याचा ससा. वागूर जुनी होऊन जाळली की पट्टीही तिच्याबरोबर होळीत टाकायची आणि नव्या वागुरीला नवी पट्टी कापायची.

तिसरा नियम मला सगळ्यात आवडायचा. ससा पडला की वागुरीशी दबून बसलेल्या माणसाने वागूरवाल्याचं नाव मोठ्याने पुकारायचं, अगदी खाली हाका घालत चढणाऱ्यांना ऐकू जाईल असं. नाव पुकारेपर्यंत सशाला वागुरीतून काढायचं नाही. आता बहुतेक वेळा वागूरवाला स्वतःच वागुरीशी बसलेला असे. त्यामुळे शिमग्याच्या दिवसांत आमच्या डोंगरात चांगले मिशाळ बापये स्वतःचंच नाव घेऊन बोंबलताना ऐकू येत.

आमच्या घराची वागूर खिंडीत लागे. डोंगराच्या दोन सोंडांमध्ये ती एक चिंचोळी वाट होती आणि खालून हाकललेला ससा हटकून तिथेच येई. ही जागा आजोबांच्या आधीपासून आमची. गावात आम्हाला जमीन बेताची, घर बेताचं, बैलही बेताचे. खिंड तेवढी आमच्याकडे जास्तीची होती. लग्नकार्यात बाबांना पुढच्या पंगतीला बसवत ते खिंडीमुळे. बाबा त्यावर जगत होते म्हटलं तरी चालेल.

एका शिमग्याला बाबांनी उंदरांनी कुरतडलेली जुनी वागूर पट्टीसकट होळीत टाकली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात ते भात भरडायला रोह्याजवळच्या अष्टमी गावातल्या गिरणीत गेले. इंजिनाचा पट्टा सारखा निसटत होता. गिरणीवाला म्हणाला, लांब राहा. बाबा म्हणाले, मला दोरीतलं कळतं. पट्टा आणि दोरी यांतला फरक त्यांना उजव्या हाताची करंगळी देऊन कळला. बैलगाडीतून घरी आणलं तेव्हा हाताला भलंमोठं फडकं गुंडाळलेलं होतं आणि तोंड पेणच्या न रंगवलेल्या गणपतीसारखं पांढरंफटक. आईने आधी हात पाहिला, रडली, आणि मग विचारलं, "तांदूल कुठं हायत?" तांदूळ गिरणीतच राहिले होते.

हात बरा झाला. पाऊस सुरू झाला. बाबा नवी वागूर घेऊन बसले. नियमाप्रमाणे उजव्या हाताची बोटं जुळवून पट्टी कापली. बोटं होती तीन.

यात काय घोटाळा झाला हे कुणालाही दिसावं. डोळा लहान झाला. चार बोटांच्या डोळ्यात सशाचं डोकं जातं, खांदे अडकतात, आणि काठ्यांवर नुसती टेकवलेली वागूर त्याच्या अंगावर कोसळते. तीन बोटांच्या डोळ्यात डोकंच जाईना. त्या शिमग्याला खिंडीत ससा आला, वागुरीवर आपटला, कोलांटी खाऊन उठला आणि आल्या वाटेने हाकेवाल्यांच्या पायांतून निघून गेला. पुढच्या शिमग्यालाही तसंच. गावातले लोक बाबांना विचारू लागले, मासळी मिळाली का.

बाबांनी कारणं शोधली. ताग कोवळा होता. ऐनाची साल नीट उकळली नाही, त्यामुळे वागुरीला रंग चढला नाही आणि सशाला ती दिसली. आईने वागूर ओलांडली असणार. आई गोठ्यातून वळसे घालून घालून कंबरेत वाकली होती. ती एवढंच म्हणाली, "मी नाय वलांडली. कोंबडीनं वलांडली. तिला इचारा."

खरं कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं, बाबांनाही. ते तोंडातून काढायचं म्हणजे करंगळी दुसऱ्यांदा कापून घ्यायची, म्हणून कुणी बोलत नव्हतं. पण चौथा नियम होता. ज्या घराची वागूर लागोपाठ तीन शिमगे कोरडी जाईल त्याने जागा सोडायची. आमचे दोन गेले होते. आणि आमच्या शेजारी ज्यांची वागूर लागे ते बाबांचे चुलतभाऊ, म्हणजे आमचे काका, श्रावणापासूनच खिंडीतली झुडपं तोडायला लागले होते. विचारलं तर म्हणत, "वाट साफ करतंय. कोन बसंल त्याला बरं." हे सांगताना ते असे हसायचे की मला त्यांच्या पानसुपारीच्या डब्यात शेण घालावंसं वाटे.

एक दिवस काकांचं हे ऐकून बाबा घरी येऊन पडवीत नुसतेच बसले. समोर तिसऱ्या शिमग्यासाठी वळलेल्या नव्या दोरीची गुंडी, पट्टीसाठी आणलेला बांबू, आणि मांडीवर तो हात. आई आतून आली, गोठ्यातून वळसा घालून. म्हणाली, "उजवा तुमचा तिनाचा. डावा लावा."

बाबा भडकले. डावा हात सकाळी कुठल्या कामाला जातो ते सगळ्या गावाला ठाऊक आहे, रानदेवालाही. त्या हाताची वागूर लावायची? "सगला डोंगर बाटंल," असं म्हणाले.

"मंग माजा घ्या," आई म्हणाली, आणि उजवा हात त्यांच्यापुढे धरला.

बाबा हसले. त्यांना वाटलं, थट्टा करतेय. पण हात तसाच राहिला. आवणीत भाताच्या मुठी लावून लावून रुंद झालेला तो हात होता. बाबांचा हात धड होता तेव्हाच्यापेक्षा जराही कमी नव्हता.

"बाईच्या हाताची वागूर," बाबा म्हणाले. "ससे हसतील."

"हसूंदे. हसता हसता पडतील."

बाबांनी दार लोटून घेतलं, मला म्हणाले, कुणाला बोललीस तर तंगडी तोडीन, आणि आईचा हात धरून बांबूवर ठेवला. आईबाबांनी एकमेकांचा हात धरलेला मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिला. आमच्याकडे नवराबायको देवळात गेले तरी मधे बैलगाडी मावेल एवढं अंतर ठेवून चालत. बाबांनी तो हात इतक्या भीत भीत धरला होता की कोयत्याची खूण दोनदा चुकली.

"धरा नीट," आई म्हणाली. "हात हाय, साप नाय."

त्या पावसाळ्यात बाबांनी विणलेली वागूर त्यांच्या सगळ्या वागुरींत देखणी होती. गाठ अशी आवळलेली की नख शिरू नये. ऐनाच्या सालीत बुडवून काढल्यावर तिला ओल्या मातीचा लालसर रंग आला. आई मात्र आताही गोठ्यातूनच जाई. मी म्हटलं, आता वागूर तुझ्याच हाताची, ओलांडली तर काय होतंय? ती म्हणाली, "उगाच कशाला, गो. नाय पडला ससा तर माज्यावरच येल." एवढं शहाणपण घरात तिच्याकडेच होतं.

शिमगा आला. सकाळी रांग लागली. पारधीचा म्होरक्या म्हणजे गावातला सगळ्यात म्हातारा बाप्या. त्याने उभ्या आयुष्यात वागुरीची एक गाठ बांधली नव्हती, पण छत्री रोखून कुणी कुठे बसायचं ते तोच सांगे. हाकेवाले खालून डबे बडवत, शिव्या घालत चढू लागले. मी आणि आई बाकीच्या बायकांबरोबर खिंडीच्या अलीकडे आंब्याखाली होतो, भाकऱ्या, सुकटीची चटणी आणि पाण्याच्या कळश्या घेऊन. बायका पारधीला जात नाहीत असा नियम असला तरी पारधीला भूक लागते.

खिंडीतून आरडाओरडा ऐकू आला. पण नाव ऐकू येईना. नुसतं "माजा, माजा" आणि त्यावर "कसा तुजा?" मी नियमबियम सोडून तिकडे धावले.

ससा पडला होता. पण पडला होता सांध्यावर, आमची आणि काकांची वागूर जिथे बांधली होती तिथेच, आणि धडपडून त्याने दोन्ही वागुरी स्वतःभोवती अशा गुंडाळून घेतल्या होत्या की कुठली कुणाची ते कळेना. रंग दोन्हींचा एकच, ऐनाचा. काकांनी त्याच्यावर घोंगडी टाकली होती आणि ते घोंगडीचा एक कोपरा सोडत नव्हते.

म्होरक्या छत्री टेकत आला. म्हणाला, "भांडताव कशाला? डोकं ज्या डोल्यात हाय, त्याला हात लावा."

काकांनी लावला. त्यांचा हात म्हणजे केळ्यांचा घड. चार बोटं गाठीच्या पार पलीकडे गेली. त्यांनी बोटं चेपून पाहिली, तिरकी करून पाहिली, शेवटी करंगळी हळूच दुमडायला लागले तेव्हा लोकांनी हुर्यो केली.

मग सगळे बाबांकडे बघू लागले. बाबांनी तीन बोटं लावली. गाठीपाशी चांगली एका बोटाची जागा उरली. सगळ्यांना ती दिसली.

"मंग ही वागूर कुनाची?" म्होरक्याने विचारलं. "सशाची?"

लोक हसले. काका हसले नाहीत, ते शांतपणे म्हणाले, "जी कुनाची नाय, ती शेजाऱ्याची. जुना नेम हाय." आणि तसा नियम होताही, म्होरक्याने मान हलवली. म्हणजे ससा काकांचा, आमचा तिसरा शिमगा कोरडा, आणि खिंड गेली.

बाबांना फक्त एक वाक्य बोलायचं होतं. ते खाली मान घालून तीन बोटांकडे बघत राहिले. मला बाबांचा इतका राग कधी आला नव्हता. खिंड जाऊ दे, पुढची पंगत जाऊ दे, पण पावसाळाभर जी बाई गोठ्यातून शेपट्या खात फिरली तिचं नुसतं असणंही हा माणूस चारचौघांत कबूल करणार नाही, असं मला वाटलं, आणि मी ओरडणारच होते.

"हाय एकाचा हात," बाबा म्हणाले.

"कुनाचा?"

"घरातला."

"घरातला म्हंजी?"

बाबांनी हनुवटीने आंब्याकडे खूण केली. आधी कुणाला कळलं नाही. मग कळलं, आणि जो काही हशा उठला त्याने घोंगडीखालचा ससासुद्धा दचकून हलला.

म्होरक्या मात्र हसला नाही. तो विचार करत होता. नियमात म्हटलं होतं, ज्याचा हात त्याची वागूर. बाईचा हात चालणार नाही असं कुठेच म्हटलं नव्हतं, कारण तसं कुणाला कधी सुचलंच नव्हतं. शेवटी तो वैतागून म्हणाला, "बोलवा तिला."

आई आंब्याखालून निघाली. हाताला भाकरीचं पीठ होतं ते पदराला पुसलं. ती वागुरीच्या या बाजूला, मी उभी होते तिकडे, आणि ससा त्या बाजूला. मधे गुडघाभर उंचीची वागूर. कुणीतरी म्हणालं, "ये ना गो इकडून, टाक पाय." आई थांबली, त्या माणसाकडे तिने असं पाहिलं की तो गप्प झाला, आणि ती रांगेच्या कडेने चालू लागली. सगळ्या गावाच्या वागुरी टोकाला टोक लागलेल्या, रांग पार ओढ्यापर्यंत. आई ओढ्यापर्यंत गेली, शेवटच्या काठीला वळसा घातला आणि दुसऱ्या बाजूने तशीच सावकाश परत आली. तोवर सगळा गाव, म्होरक्या, काका आणि ससा उभ्याउभ्या वाट बघत होते. ससा आडवा होता एवढंच. माझा राग कुठल्या कुठे पळाला आणि मला हसू आवरेना.

ती वाकली. चार बोटं डोळ्याला लावली. या गाठीपासून त्या गाठीपर्यंत, ना कमी ना जास्त.

काकांनी घोंगडीचा कोपरा सोडला. बाबा सशाला काढायला खाली वाकले, तशी म्होरक्याने छत्री आडवी घातली.

"नाव."

बाबा तसेच वाकलेले राहिले. आमच्याकडे नवरा बायकोचं नाव घेत नाही. बाबांनी ते लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. घरात हाक मारायची झाली तर "ए", "आयकलंस काय", आणि फारच लांब असली तर माझं नाव घेऊन बोलवत, मी नाही तर आई येणार हे ठरलेलं. बाबांच्या तोंडून मी आईचं नाव कधीच ऐकलं नव्हतं.

"वागूर तिची," बाबा म्हणाले.

"तिला नाव नाय काय?" म्होरक्या म्हणाला. "खालच्यांना काय सांगू? तिची म्हून?"

"उखान्यात घे रं!" मागून कुणीतरी ओरडलं. परत हशा. काकांचा हात घोंगडीकडे सरकायला लागला. बाबांनी तो पाहिला. मग उभे राहिले, तो तिनाचा हात तोंडाशी धरला, डोंगराकडे वळले आणि आईचं नाव घेतलं.

पुटपुटले नाहीत. सगळ्या ताकदीनिशी घेतलं. समोरच्या सोंडेवर आपटून ते परत आलं, तेव्हा पुन्हा एकदा ऐकू आलं. खाली हाकेवाले डबे बडवायचे थांबले. आंब्याखालच्या बायकांनी पदर तोंडाशी नेले. मी आईकडे पाहिलं. ती खाली बघून बोटांना लागलेलं पीठ काढत होती, जे तिने मघाशीच पुसलं होतं.

खिंड आमची राहिली. सशाची मुंडी वागूरवाल्याची, तो मान आमच्या घरी आला. आई ससा खात नव्हती, तिला त्याच्या डोळ्यांची दया येई. पण रांधायचा तिनेच, त्याबद्दल रानदेवाने काही सांगून ठेवलं नव्हतं. घरी येताना ती कळश्या घेऊन पुढे निघाली आणि बाबा मागून, वाटेत भेटलेल्या बैलांच्या आडून चालत आले.

दिवेलागणीला बाबा जेवायला बसले. आईने रस्सा वाढला. बाबांनी एक घास घेतला, थांबले, आणि नेहमीसारखं भिंतीकडे बघून म्हणाले, "मीठ नाय यात."

आई चुलीकडे तोंड करून बसली होती. वळलीही नाही.

"कोनाला सांगताव?" ती म्हणाली. "नाव घेऊन सांगा."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी भाकरीत तोंड घातलं. त्यांचे कान लाल झाले, आणि मग तो अळणी रस्सा त्यांनी मुकाट्याने खाल्ला. वर दोनदा मागून घेतला.